टोपीतला हरभरा

१

चोरी झाली होती ती एका हरभऱ्याची.

हसू नका. नदीपलीकडे सेव्हिलमध्ये हसले असतील, पण अलीकडे त्रियानात त्या शुक्रवारी सकाळी कुणी हसलं नाही. इथल्या घराघरातला एक तरी माणूस समुद्राने गिळलेला आहे, आणि असा हरभरा म्हणजे काय ते इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. भर समुद्रात वादळ हाताबाहेर गेलं की त्रियानाचे खलाशी टोपीत हरभरे टाकतात, माणशी एक. त्यातल्या एकावर सुरीने क्रूस कोरलेला असतो. तो ज्याच्या हाती येईल त्याने, जिवंत परतलो तर, अनवाणी आणि अंगात नुसता सदरा घालून मारियामाउलीला भली थोरली मेणबत्ती वाहायची. नवस सगळ्यांचा, पाय एकाचे.

'सांता ओलाया' हे गलबत सगळ्या दुनियेला वळसा घालून परत आलं होतं. गेलेल्यांतले मूठभर आले, आणि त्यातलेही चौघेच आपल्या पायांवर उभे होते. त्यांचा कप्तान डॉन गास्पार याने उतरल्या उतरल्या चर्चमध्ये क्रूस कोरलेला हरभरा ठेवला आणि सांगितलं, "हा माझ्या हाती आला." रविवारी मिरवणूक ठरली. गलबताच्याच फळ्यांची एक छोटी पेटी केली, हरभरा कापसावर ठेवून तिला कुलूप लावलं आणि कुलपावर मेणाची मोहोर केली.

मोहोर करणारी होती लेओनोर, मेणबत्त्यावाली. चर्चच्या मेणबत्त्या तिच्या, मेण तिचं, किल्लीही तिच्याच कमरेला. तिचा नवरा आलोन्सो याच गलबतावर गेला होता आणि परत आलेला नव्हता. आलोन्सोच्या जन्मभर दोनच तक्रारी होत्या. एक, लेओनोरच्या हट्टापुढे खेचरसुद्धा शहाणं; आणि दोन, तिच्या आमटीत मीठ कमी.

शुक्रवारी सकाळी पाद्रीबाबा आणि कप्तानासमोर तिने मोहोर तपासली. अखंड होती. कुलूप उघडलं, झाकण वर केलं. कापसावर हरभरा नव्हता. बरोबर मध्यावर, जिथे हरभरा होता त्याच खळग्यात, एक लवंग नीट आडवी ठेवलेली होती.

"देवा रे!" पाद्रीबाबांनी छातीवर क्रूस काढला. "मोहोर जशीच्या तशी, कुलूप जसंच्या तसं! हे झालं कसं?"

"कसं म्हणजे? जादूटोणा!" कप्तान गरजला. "अष्टौप्रहर गालात लवंग धरून हिंडणारा त्रियानात एकच आहे. माझा गुलाम, लोरेन्सो. बेटावरचा माणूस. त्या बेटांवर काय काय चालतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय."

"किल्ली माझ्याकडे होती," लेओनोर म्हणाली.

"म्हणून तर जादूटोणा म्हणतोय बाई. नाहीतर तुमचंच नाव घ्यावं लागेल."

तिच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. तिने पेटी बाजूला ठेवली तर खाली वेदीच्या पांढऱ्या कापडावर काळा डाग. "मेल्यांनो, कालच धुतलं होतं!" ती पुटपुटली. दिव्याची काजळी असणार. तिने कापड ओढून काखेत मारलं.

"रविवारी मिरवणूक संपली की मी त्याला वल्ह्यांच्या जहाजावर विकणार," कप्तान म्हणाला. "तोवर कोंडून ठेवा."

वल्ह्यांच्या जहाजावर गेलेला माणूस परत येत नाही. लोरेन्सोला तळघराकडे नेताना लेओनोरने पाहिलं. तो ओरडला नाही, रडलाही नाही. त्याने वळून फक्त त्या लवंगेकडे पाहिलं.

"पाद्रीबाबा," ती म्हणाली, "माझं मेण, माझी मोहोर, माझी किल्ली. रविवारच्या घंटेपर्यंत मला सवड द्या. चोर मी शोधते."

२

पहिल्यांदा ती कप्तानाच्याच घरी गेली. दारात ही गर्दी! राजाकडून मानाची ढाल मिळणार, पुढच्या ताफ्याचं नेतृत्व मिळणार, अशा गप्पा चालल्या होत्या. लोकांनी डॉन गास्पारला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं, आणि झाडाच्या फांद्या किती बारीक असतात याचं कुणाला भान नव्हतं.

लेओनोरने शाल सारखी केली आणि गरीब चेहऱ्याने विचारलं, "कप्तानसाहेब, मेणबत्तीवर चित्र काढायचंय. ते वादळ कसं होतं, जरा सांगा ना."

कप्तान खुलला. "आफ्रिकेचं दक्षिण टोक! परतीची वाट. पहिला कप्तान बेटांवरच वारला होता, सगळा भार माझ्या खांद्यावर. डोलकाठी मोडली. मी म्हटलं, टाका रे हरभरे टोपीत! सगळ्यांनी हात घातले. मी शेवटी. एकच उरला होता. बोटाला क्रूस लागला आणि मी तिथेच गुडघ्यांवर बसलो."

"अगं बाई! अंगावर काटाच आला. आणि टोपी कुणी धरली होती?"

कप्तानाची मिशी थांबली. "टोपी?"

"चित्रात टोपी धरणारा पाहिजे ना."

"वादळात टोपी कुणी धरली ते कोण बघतो? काढा कुणीही."

गुरुवारी रात्री पेटीवर पहारा होता. आधी कप्तान, मग तोफची यान्नी, मग म्हातारा खलाशी ओचोआ. लोरेन्सो बाहेर पायरीवर. यान्नी हा ग्रीक, बोलायला लागला की थांबायचा नाही. पण गुत्त्यात लेओनोरला पाहताच त्याने वाइनच्या पेल्यात तोंड घातलं.

"माझ्या पहाऱ्यात मोहोर शाबूत होती. मी हात लावून पाहिलं."

"लोरेन्सो आत आला होता?"

"छे! पायरीवर घोरत होता."

"मग हे सकाळी कप्तानासमोर का नाही बोललास? तोंडात काय तोफेचा गोळा होता?"

"बाई, पुढच्या ताफ्यात तोफची कुणाला घ्यायचं ते कप्तान ठरवणार. मला घरी पोरंबाळं आहेत."

"बरं. टोपी कुणी धरली होती ते तरी सांग."

यान्नीने पेला खाली ठेवला. त्याचा चेहरा उतरला. "ते विचारू नका. किनारा दिसायच्या आधी आम्ही सगळ्यांनी क्रूसावर हात ठेवून शपथ घेतलीय. त्या टोपीतून काय निघालं, कुणाच्या हाती निघालं, ते तोंडातून काढायचं नाही."

"का?"

"ते 'का'सुद्धा शपथेतच आलं," यान्नी म्हणाला आणि उठून गेला.

लेओनोर तिथेच बसून राहिली. हरभरा कप्तानाला मिळाला, असं तर कप्तान स्वतःच बोंबलत फिरतोय. मग जे सगळ्या गावाला माहीत आहे ते लपवायची शपथ कशासाठी?

३

तळघरात तेलाच्या बुधल्यांमध्ये लोरेन्सो बसला होता. पायात लोखंडी कडं, गालात लवंग.

"मला दोनच गोष्टी माहीत आहेत," लेओनोर समोर बसत म्हणाली. "तू चोर नाहीस, आणि सगळे मिळून काहीतरी लपवताहेत. आता तू सांग."

"मालकीणबाई, मी सांगून काय होणार? माझा शब्द इथे कोण धरतो?"

"मी धरते."

त्याने तिच्याकडे पाहिलं. तो मलाक्काचा. पोरवयात पकडला गेला, आफ्रिकेला वळसा घालून पूर्वेकडून इथे आणला गेला. मग 'सांता ओलाया'बरोबर पश्चिमेला निघाला आणि पश्चिमेकडून जात जात पुन्हा आपल्याच समुद्रात पोचला. काठावरच्या होडीतला कोळी आपल्या भाषेत शिवी देताना ऐकला तेव्हा तो सुकाणूजवळ मटकन बसला होता म्हणे. दुनिया गोल आहे हे त्या गलबतावर सगळ्यांत आधी त्याला कळलं. तिथून पुढे खडकांमधली वाट त्यानेच दाखवली, वाऱ्याची वेळ त्यानेच सांगितली. पहिला कप्तान त्याला "माझे डोळे" म्हणायचा. पण पहिला कप्तान वारला आणि दुसऱ्याला डोळ्यांची गरज फक्त बंदर येईपर्यंत होती.

"पेटीत लवंग होती ना?" लोरेन्सोने हळूच विचारलं. "तिला डोकं होतं का?"

"डोकं?"

"टोकावरचं गोल बोंड."

लेओनोरने डोळे मिटून आठवलं. कापूस, खळगा, त्यात आडवी लवंग. चार पाकळ्यांचं टोक, आणि मधे काहीच नाही. "नव्हतं. मोडलेली होती."

लोरेन्सोने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे गदगदायला लागले. तिला वाटलं बिचारा रडतोय; तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्याने हात बाजूला केले तर काय, हा हसत होता!

"वेड लागलं का तुला? परवा वल्ह्याला बांधतील!"

"बांधू देत. कुणालातरी आठवण आहे, एवढं पुष्कळ झालं."

"कसली आठवण? अरे, सरळ बोल की!"

"मी बोललो तर कप्तान म्हणेल, गुलाम आपल्या फायद्याचं बोलतो. दुसऱ्या कुणाकडून निघालं पाहिजे." मग खाली बघत म्हणाला, "ओचोआला जेवायला बोलवा. तुमच्या नवऱ्याबद्दल विचारा त्याला. गलबत येऊन इतके दिवस झाले, तुम्ही अजून कुणालाच विचारलेलं नाही."

लेओनोर चटकन उठली. तिच्या वर्मावर बोट पडलं होतं. विचारलं नव्हतं हे खरं. विचारलं की आलोन्सो खरोखर मेला असता.

४

ओचोआ बास्क मुलखातला. गलबताच्या फळ्यांमधल्या फटीत ताग ठासून वरून डांबर ओतायचं, हा त्याचा जन्माचा धंदा. बोटं कितीही धुतली तरी काळीच. समुद्रावरच्या रोगाने हिरड्या सुजून दात सगळे गळाले होते. आलोन्सोचा जुना दोस्त, म्हणून लेओनोरला वहिनी म्हणायचा.

शनिवारी दुपारी तिने त्याच्यापुढे हरभऱ्याची आमटी वाढली. ओचोआने वाडग्यात पाहिलं आणि बोळक्या तोंडाने हसला.

"वहिनी, सूड घेताय का? दात होते तेव्हा चणे नव्हते, आता चणे आहेत तर दात नाहीत."

"कुस्करून खा मेल्या. आणि मला आलोन्सोचं सांग."

हसू मावळलं. ओचोआने चमचा ठेवला. "विचाराल म्हणून रोज वाट बघत होतो. आणि विचारू नये असंही वाटायचं."

"आता विचारलंय ना. सांग."

"दक्षिणेची सामुद्रधुनी ओलांडून आम्ही त्या मोठ्या समुद्रात शिरलो. वारा नाही, पाऊस नाही, जमीन नाही. बिस्किटांचा भुगा झाला, त्यात किडे. मग उंदीर. मग डोलकाठीवरचं कातडं उकळून खाल्लं. आलोन्सोच्या हिरड्या माझ्यासारख्याच सुजल्या. एक दिवस कोठीचं पोतं झटकलं तर तळाला मूठभर हरभरे निघाले. शेवटचे. सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. पण मी म्हटलं, हे आलोन्सोला. कुणी नाही म्हणालं नाही. लोरेन्सोने ते शिजवले, दगडाने वाटले आणि बोटाने त्याला भरवले." ओचोआने बाहीने नाक पुसलं. "आलोन्सोनंतर त्या गलबतावर कुणी हरभऱ्याचं तोंड पाहिलं नाही, वहिनी. बेटांवर पोचलो तेव्हा तांदूळ मिळाला, साबुदाण्याचं पीठ मिळालं, लवंगांनी तळ भरला. हरभरा कुठला तिथे!"

लेओनोर रडली. आधी आवाज न करता, मग हंबरडा फोडून. ओचोआ बिचारा वाडग्याशी चाळा करत बसला. बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले, आणि पुसता पुसता तिचा हात हवेतच थांबला.

आलोन्सोनंतर हरभरा नव्हता. आलोन्सो गेला तो मोठ्या समुद्रात, जायच्या वाटेवर. आणि वादळ? वादळ परतीच्या वाटेवरचं. आफ्रिकेचं टोक. बेटांच्याही नंतर.

शिवाय तो पेटीतला हरभरा! तिने स्वतःच्या हाताने कापसावर ठेवला होता. पिवळाधमक, गुळगुळीत. तिच्या डब्यातल्या हरभऱ्यांना एका उन्हाळ्यात भोकं पडतात. आणि हा वर्षानुवर्षं समुद्रावर राहून कोवळ्या नवरीसारखा?

"ओचोआ," ती म्हणाली, "मग वादळात टोपीत होतं तरी काय?"

 वाडगा तसाच टाकून तो उठला आणि दाराबाहेर पडला.

५

डोक्यात काहूर माजलं की लेओनोर धुणं काढायची. वेदीचं कापड तसंच पडलं होतं. तिने राखेचं पाणी घातलं, चोळलं. काजळी असती तर एव्हाना गेली असती. डाग ढिम्म हलेना. तिने बोटाला तेल घेऊन घासलं, तेव्हा डाग सुटला आणि बोट चिकट काळं झालं. तिने वास घेतला.

डांबर!

ती ओल्या हातांनी चर्चकडे धावली. सगळे जण पेटीचं कुलूप बघत होते, मोहोर बघत होते. पेटी उलटी करून कुणी पाहिली होती? तिने उलटी केली. बुडाच्या दोन फळ्यांमधली फट नव्या तागाने ठासलेली, वरून डांबराचा हात इतका सफाईचा की गलबत दुसऱ्या सफरीला निघालं असतं. जादूटोणा कसला! बुडाची फळी उचलायची, हरभरा काढायचा, लवंग ठेवायची, फळी परत बसवायची. फक्त ताजं डांबर जरा कापडाला लागलं.

ओचोआ नदीकाठी एका होडीच्या बुडाशी उकिडवा बसला होता. तिने काही न बोलता डागाचं कापड त्याच्यापुढे धरलं.

त्याने हातातला ताग खाली ठेवला. "वहिनी, मला फाशी देतील."

"तुला कोण देतंय फाशी? का केलंस ते सांग."

"तोंडातून काढायचं नाही, अशी शपथ आहे." त्याने काळे हात वर केले. "तोंडाची शपथ घेतली होती. हातांची कुणी घेतली होती?"

लेओनोर त्या हातांकडे बघत राहिली. डोकं मोडलेली लवंग, मुद्दाम त्याच खळग्यात ठेवलेली. ती चोराच्या हातून पडली नव्हती. ज्याला बोलता येत नव्हतं त्याने ती बोलायला ठेवली होती. आणि आता ओचोआचं नाव घेतलं तर कप्तान म्हणणार, म्हातारा चोर आणि गुलाम एकाच माळेचे मणी. त्याचा शब्द एकट्याने टिकणार नाही. सगळ्यांचे हात बोलले पाहिजेत.

"ओचोआ, उद्या अंघोळ करून ये," ती म्हणाली. "आणि कुणी काही आणायला सांगितलं तर लाजू नकोस."

६

रविवारी चर्च तुडुंब भरलं होतं. मधोमध लेओनोरची मेणबत्ती, माणसाच्या मांडीएवढी जाड. कप्तान सदऱ्यावर, अनवाणी. पण सदरा रेशमी. बाहेर वल्ह्यांच्या जहाजाचा मुकादम साखळी घेऊन उभा.

"चोर सापडला का, लेओनोर?" पाद्रीबाबांनी विचारलं.

"आधी मेणबत्ती पुरी करू द्या, पाद्रीबाबा. एक राहिलंय." तिने आवाज चढवून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "मेणबत्तीच्या बुडाशी मी मऊ मेण ठेवलंय. वादळात टोपीत जे होतं तेच त्याच्यात रोवायचंय, ज्यांनी हात घातले त्यांच्याच हातांनी. आतल्या खोलीत माझ्या स्वयंपाकघरातले वाडगे मांडलेत. हरभरा, तांदूळ, घेवडा, मिरे, लवंग, सगळं आहे. एकेकाने जायचं, मूठ भरून आणायची, टोपीखाली झाकून. तोंडाने काही बोलायचं नाही. म्हणजे कुणाची शपथही मोडायला नको."

गर्दीला ही कल्पना भारी आवडली. कप्तानालाही. तो पहिला गेला आणि ऐटीत परत आला.

मग यान्नी. दारातून बाहेर आला तेव्हा त्याने एकदा लेओनोरकडे पाहिलं. त्याला कळलं होतं, हे तिने ओळखलं. आता पोरंबाळं जिंकतात की माउली, एवढाच प्रश्न होता. मग ओचोआ. शेवटी तिने तळघरातून लोरेन्सोला आणवलं.

"हा कशाला?" कप्तान ओरडला.

"गलबतावर होता ना? होता तर हात घातलाच असेल."

चार टोप्या वेदीपुढे ठेवल्या. लेओनोरने पहिली उचलली. हरभरे. लोक कौतुकाने हं म्हणाले.

दुसरी, यान्नीची. लवंगा.

हं अर्ध्यावरच राहिलं. तिसरी, ओचोआची. लवंगा. चौथी, लोरेन्सोची. त्यात एकच लवंग होती आणि तिचं डोकं मोडलेलं होतं.

बाहेरच्या मुकादमाची साखळी वाजलेली आतपर्यंत ऐकू आली.

"कप्तानसाहेब," लेओनोर म्हणाली, "हे तिघं एका टोपीत आणि तुम्ही वेगळ्याच टोपीत हात घातला होता का?"

"कट आहे हा! हलकट खलाशांचा कट!"

"बरं, कट. मग मला सांगा, हरभरा आला कुठून? शेवटचे हरभरे माझ्या नवऱ्याला भरवले, मोठ्या समुद्रात, बेटांच्या कितीतरी आधी. त्यानंतर गलबतावर हरभरा नव्हता. परतीच्या वेळी तळात होत्या त्या लवंगा. म्हणून लवंगा टाकल्या आणि खुणेची एक डोकं मोडून टाकली. त्रियानात कुणालाही विचारा, नवसाला टोपीत काय टाकतात? हरभरा! म्हणून तुम्ही हरभरा म्हणालात. कुणाच्या हाती निघाली एवढं तुम्ही विचारलंत. काय निघालं हे विचारायचं कुणाला सुचेल? तिथे हजर असतात तर विचारावं लागलं नसतं." ती एक पाऊल पुढे गेली. "परवा विचारलं होतं, आज परत विचारते. टोपी कुणी धरली होती?"

कप्तानाने यान्नीकडे पाहिलं. यान्नी छताकडे बघत होता.

पाद्रीबाबांनी हात वर केला. "खोटं झाकायला घेतलेली शपथ देव मोजत नाही. मी तुम्हाला मोकळं करतो. बोला रे."

"टोपी मी धरली होती," ओचोआ म्हणाला. दात नसल्यामुळे शब्द फसफसत होते, पण शेवटच्या बाकापर्यंत पोचले. "डोकं मीच नखानं मोडलं. कप्तान कोठडीचं दार लावून आत पडले होते, ओकत. लवंग निघाली लोरेन्सोच्या हाती. आणि ती हातात धरून त्यानंच सुकाणू धरलं आणि गलबत बाहेर काढलं. किनारा जवळ आला तसे कप्तान म्हणाले, गुलामाच्या मागून चालत गावात शिराल का रे? लोक हसतील. आम्हाला लाज वाटली." त्याने मान खाली घातली. "आज तिची लाज वाटते."

"मग हरभरा कुणी चोरला?" मागून कुणीतरी ओरडलं.

लेओनोर गर्रकन वळली. "कुठला हरभरा? त्या गलबतावर हरभराच नव्हता, तर चोरी कशाची? पेटीत आता आहे तीच त्या वादळातली खूण. पेटीत घातलेलं खोटं कुणीतरी काढलं आणि खरं जागच्या जागी ठेवलं." ओचोआने पोटावरून हळूच हात फिरवला. चावता आला नव्हता म्हणून त्याने तो गिळला होता, हे त्याने तिला पुढे कधीतरी सांगितलं.

पाद्रीबाबा वेदीची पायरी उतरले. "माउलीच्या भक्तांच्या बिरादरीचा जुना नियम आहे. माउलीने निवडलेल्या माणसाच्या पायात कडं असेल तर आधी कडं तोडायचं, मगच हातात मेणबत्ती द्यायची. तो मग कुणाच्या मालकीचा राहत नाही. असं कधी घडलं नव्हतं, म्हणून आपण सगळेच विसरलो. लोहाराला बोलवा."

कप्तान कधी निघून गेला ते कुणी पाहिलं नाही. मुकादम मात्र शेवटपर्यंत थांबला आणि लोहाराला छिन्नी धरायला त्यानेच मदत केली. कडं फरशीवर पडलं तेव्हा यान्नी मोठ्याने रडला.

"काय नावानं पुकारू?" मिरवणुकीपुढे नाव पुकारावं लागतं, म्हणून पाद्रीबाबांनी विचारलं. "लोरेन्सो?"

"आवांग," तो म्हणाला. "आईनं ठेवलेलं."

मेणबत्ती जड होती. लेओनोरने ती त्याच्या हातात दिली, वात पेटवली आणि त्याच्या बाजूने चालू लागली. नदीकाठी पोचेपर्यंत तिने स्वतःला आवरलं. मग राहवेना.

"आवांग, शेवटचे हरभरे तू भरवलेस ना त्याला? तो काही बोलला का?"

आवांग ज्योतीला वारा लागू नये म्हणून हात आडवा धरून चालत होता. 

"बोलला. तुम्हाला राग येईल."

"सांग रे."

"मीठ कमी आहे म्हणाला."

लेओनोर भर मिरवणुकीत थांबली. "मेला!" ती म्हणाली. "तिथेसुद्धा!" आणि शाल तोंडाला लावून इतकी हसली, इतकी रडली, की मागून येणाऱ्या ओचोआला तिचा दंड धरून तिला पुढे न्यावं लागलं.